लिंबू, राख आणि एक इंग्रजी शब्द

बुधवार, ता. ६ फेब्रुवारी ६३

काल देवी डॉक्टर वाडीत येऊन गेला. चावडीपुढं पोरांची रांग लावली. दंडावर लसीचा थेंब टाकतो न वरून दातेरी चक्री दाबून फिरवतो. पोरांनी नुसता कालवा केला. शेजारच्या धोंडाबाईची सून आपल्या ठकीला घेऊन भाताच्या रोपांसाठी जाळायच्या राबाच्या ढिगामागं लपली होती, तिला कोतवालानं हुडकून आणली. तेव्हा डॉक्टर घाम पुसत गुरुजींना म्हणाला, "या बायकांची मेंटॅलिटी बदलल्याशिवाय काही व्हायचं नाही, गुरुजी." आणि बघितलं माझ्याकडं. मी काय केलं होतं? मी तर नातीला, सुलीला, आपल्या हातानं पुढं केली होती.

उगाच नव्हती केली. मनात आधीच ठरलं होतं. लपायचं कशाला? घरी आणली. सून पाण्याला गेलेली. अर्धं लिंबू दंडावर पिळलं, वर चुलीतली राख घेऊन चोळचोळ चोळलं. पोर काळीनिळी पडली रडून. पडू दे. थेंब निघाला. धोंडाबाईलाही सांगितलं, तिनं ठकीचं तसंच केलं.

माझ्या चंद्रीचं मी विसरलेली नाही. पहिली लेक माझी. असाच एक देवी काढणारा आला होता, टोचून गेला. दंड सुजला, पाव्हण्याच्या पगडीएवढा झाला. मी रोज ताजं शेण बांधत होते, हळद भरत होते, काही उपयोग नाही झाला. महिन्यात पोर गेली. सुली अडीच वर्षांची आहे. चंद्री तेवढीच होती.

ही वही कणगीच्या मागं ठेवायची. शेवंताला वाचता येतं. सून चौथी शिकलेली, सासू दुसरी.

शुक्रवार, ता. ८

शाळा सुटल्यावर ओट्यावर आमचा बायकांचा वर्ग. गुरुजी म्हणतात, रोज चार ओळी लिहा, नाही तर अक्षरं विसराल. लिहिते तर आहे. आज बाकीच्या गेल्या तरी मी उठले नाही.

"गुरुजी, त्यो डॉक्टर मला काय म्हनला?"

"तुम्हाला नाही, कोंडाबाई. सर्वसाधारण बोलला."

"माज्याकडं बगून सर्वसादारन?"

मंग त्यांनी फळ्यावर लिहिलं. मेंटॅलिटी. म्हणाले, इंग्रजी शब्द आहे, मराठीत मनोवृत्ती.

"मराठीत सांगा."

"हे मराठीच आहे."

"मंग मानसाच्या मराठीत सांगा."

हसले. म्हणाले मनाची ठेवण. डोंगरात जशी पायवाट पडते न सगळे तिनंच जातात, जवळची वाट दाखवली तरी पाय जुन्या वाटेलाच वळतात, तसं डोक्यात असतं. ती वाट म्हणजे मेंटॅलिटी.

"म्हंजे शिवी न्हाई?"

"शिवी नाही. चांगली असते, वाईट असते."

"चांगली असली की बी आसंच म्हनत्यात?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "नाही. खरं म्हणजे चांगल्याला कुणी म्हणत नाही. आणि आणखी एक सांगू? मी आजवर कुणाच्या तोंडून 'माझी मेंटॅलिटी' असं ऐकलेलं नाही. नेहमी दुसऱ्याची."

फळ्यावरून बघून उतरवून घेतला शब्द, मागच्या पानावरचाही नीट केला. चार वेळा लिहिला. म वर मात्रा, ट ला चंद्र. लई नखऱ्याचा आहे.

रविवार, ता. १०

माझा लेक दत्तू काल पुण्याहून आला. छापखान्यात शाईचे हात, घरी येईपर्यंत काळेच. जेवताना त्याला शब्द टाकून बघितला. म्हटलं, धोंडाबाई चाळण मागून नेती न परत द्यायची वेळ आली की तिची कंबर धरती, ही तिची मेंटॅलिटी. पाटलाच्या बैलाला नांगर दिसला की तो बसतो, ही बैलाची मेंटॅलिटी. दत्तूला ठसका लागला. "आई, तू आता सायेबीन झालीस. बैलाला नसती गं."

"का? बैलाला डोस्कं न्हाई?"

शेवंता पदर तोंडात धरून हसली. कधी नाही ते घर हसलं.

मंग दत्तूनं सुलीचा दंड वर करून बघितला. "फोड उठला का गं?"

मी म्हटलं, उठंल. दम धर.

तो म्हणाला, छापखान्यातल्या एकाच्या घरी देवी निघाल्या, लसटोच्यांच्या नावानं बोंबलणारा माणूस आता घरोघर जाऊन सांगतोय टोचून घ्या. "माज्या लेकीचं टोचून झालं, मी मोकळा," असं दत्तू म्हणाला. मी घास ताटात ठेवला. पाणी प्यायले.

बुधवार, ता. १३

आज डॉक्टर परत आला, फोड उठले का बघायला. मी सुलीला सकाळीच शेवंताबरोबर वर राबाला पाठवून दिली. शेवंताला म्हटलं, घरात धूर झालाय, ने पोरीला.

डॉक्टर दाराशी आला, बगलेत मोठं बुक.

"सुलोचना दत्तू. कुठं आहे?"

"मामाकडं धाडली."

"फोड उठला?"

"व्हय तर. दोन. ह्येवढाले."

बोटानं दाखवलं सुद्धा. त्यानं बुकात लिहिलं न पुढच्या दारात गेला. तिथंही धोंडाबाईनं तेच सांगितलं. सरकारच्या बुकात लिहिलं म्हणजे झालं. आता कुणी टोचायला यायचं नाही.

शेवंता आल्यावर म्हणाली, "आई, ठकीच्या न सुलीच्या दोगींच्या बी दंडाला काई न्हाई. बाकी समद्या पोरांचं फुगलंय." मी म्हटलं, "काईंना उठत न्हाई. अंगात आदीच देवीआईचा अंश आसतो." "व्हय का?" म्हणाली न भाकरी थापायला लागली. लगेच पटलं तिला. एक शब्द उलट बोलली नाही.

बोलली असती तर बरं. मला भांडता येतं.

सोमवार, ता. १८

राब तोडणे. ऐनाच्या झाडाच्या फांद्या, ऐनवेळी कोयत्याचा दांडा निसटला. हात भरून आले. लिहिणं नाही.

शुक्रवार, ता. २२, शिवरात्र

धोंडाबाईची लेक हिरा गवळवाडीहून माहेरी आली, बरोबर तिचा बाळू, चार वर्षांचा. सुली, ठकी न बाळू तिघं दिवसभर अंगणात. हिरानं रताळी आणली. बाळू सुलीला पाठीवर घेऊन घोडा घोडा करतो. सुली त्याला दादा म्हणते, पाठ सोडत नाही.

सोमवार, ता. २५

हिरा आज गेली. बाळू कालपासून तापलेला, डोळे लाल, पाठ दुखते म्हणून रडत होता. चार वर्षांच्या पोराची कसली पाठ दुखते? म्हटलं, उन्हात नाचला. तरी काल दुपारी तिघांनी एका पितळीत दूधभात खाल्ला. बाळूनं उष्टा घास सुलीला भरवला. धोंडाबाई न मी बघून हसत होतो.

बुधवार, ता. २७

गवळवाडीत देवी आल्या. बाळूला.

पाटलाचा गडी शिवेवरून सांगत आला, आत पाऊल टाकलं नाही. तोंडावर, तळहातावर, तळपायावर. आणखी दोन घरांत. गवळवाडीच्या वाटेला कडुलिंबाचे डहाळे बांधलेत. कुणी जायचं नाही, कुणी यायचं नाही. कुणाच्या घरी फोडणी नाही. तेलाचा वास देवीआईला खपत नाही. तीन घरांत आली तरी सगळी वाडी आळणी जेवते.

बाळू. पितळी. उष्टा घास.

सुलीला उलटीपालटी करून बघितली. काही नाही. खेळते आहे. तिला कळत नाही मी का सारखी तिचं अंग चाचपते. "आजी गुदगुल्या," म्हणते.

शेवंता म्हणाली, "बरं झालं बाई, आपल्या पोरीला टोचलंय."

मी गोठ्यात गेले. म्हशीच्या अंगाला टेकून उभी राहिले.

धोंडाबाईला गाठलं. म्हटलं, "आपण पुसलं ते सांगावं का?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परकीच. "कुनी पुसलं? मी न्हाई पुसलं. तू काय केलं आसशील ते तुजं तुला."

गुरुवार, ता. २८

सांगायचं म्हणून तीनदा शेवंतापुढं गेले. एकदा म्हटलं, मीठ कुठं आहे. एकदा म्हटलं, पाणी तापव. एकदा तिच्यावरच ओरडले, सुलीच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून. तोंड माझं, वाडीत सगळे भितात ह्या तोंडाला. आज त्यातून एक वाक्य निघेना.

मंग ही वही काढली. तिच्यापुढं टाकली. म्हटलं, वाच. पहिलं पान.

ती जात्यापाशी बसली. बोट ठेवून ठेवून वाचते, शाळेतल्यासारखं, ओठ हालवत. मी दारात उभी. माझं अक्षर तिला लागेना. एका जागी अडली.

"आई, ह्ये काय लिवलंय? में..."

"मेंटॅलिटी."

"म्हंजे?"

"म्होरं वाच. कळंल."

पुढं वाचलं. लिंबू वाचलं. राख वाचली. बोट तिथंच थांबलं. मला वाटलं, ओरडेल, वही फेकेल, सासू म्हणून बघणार नाही. तिनं वही बंद केली. दोन्ही हातांनी नीट. सुली अंगणात चिखलाच्या भाकरी करत होती, तिला उचलली, पदरात घेतली.

"मी तुमाला 'व्हय का' म्हनले," ती म्हणाली. "तवा तुमी काईच बोलला न्हाई."

एवढंच. मंग म्हणाली, डॉक्टर कुठंय?

डॉक्टर गवळवाडीत. तिथंच मुक्काम. लस त्याच्याजवळ, बर्फाच्या भांड्यात. पौडच्या दवाखान्यात गुरुजी सायकलीवर जाऊन आले, तिथली लस संपलेली, सगळी गवळवाडीला दिली. म्हणजे पोरीला वाचवायची तर ज्या वाडीत देवी, तिथंच न्यायची. लिंबाचे डहाळे ओलांडून. शेवंता म्हणाली, मी नेते. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

गुरुजी म्हणाले, थांबा, मी निरोप देतो, त्यालाच शिवेवरच्या ओढ्यापर्यंत बोलावतो. वाडीच्या तोंडाशी उभं राहून हाळी घातली. उत्तर आलं. उद्या सूर्य डोक्यावर येईल तेव्हा.

गुरुजींना सगळं सांगावं लागलं. त्यांनी तो शब्द वापरला असता तरी मी ऐकून घेतला असता.

शुक्रवार, ता. १ मार्च

ओढ्याच्या अलीकडं आम्ही, पलीकडं डॉक्टर. पाणी आटलेलं, गोट्यांमधे एकच डबकं. त्याची दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्यानं ओढ्यात उतरून साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, अंगरखा बदलला, मंग अलीकडं आला. धोंडाबाई पण आली होती बघायला, ठकी न सुनेला घेऊन. लांब उभी.

डॉक्टरनं बुक उघडलं.

"सुलोचना दत्तू. हिला टोचलंय. फोड उठला असं लिहिलंय."

"तुमी लिवलं. मी सांगितलं."

"म्हणजे?"

"खोटं सांगितलं. थेंब पुसला मी. लिंबानं न राखंनं. पोर मामाकडं नव्हती. हितंच व्हती."

वाटलं होतं फाडून खाईल. त्यानं दंड बघितला, बोटानं दाबून. "का पुसलंत?"

मंग मी चंद्रीचं सांगितलं. उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत. दंड कसा सुजला, कसा सडला, वास कसा यायचा.

"सुजल्यावर काय लावलं होतं?"

"शेन."

"कुणी?"

"मीच. रोज ताजं बांदत व्हते. दिवसातनं दोनदा."

तो मान खाली घालून चक्री कापसानं पुसत राहिला, लई वेळ. बोलला असता तर मी उलट बोलले असते. गुरुजींनी तोंड फिरवलं ओढ्याकडं. शेवंतानं माझ्याकडं बघितलं न मंग पायाखालच्या गोट्यांकडं.

मला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरज राहिली नाही. वीस वर्षांवर झाली. वीस वर्षं मी त्या देवी काढणाऱ्याला शिव्या दिल्या.

त्यानं सुलीला टोचलं. दोन जागी. ह्यावेळी ती रडली नाही, आईच्या खांद्यावरनं बघत राहिली. डॉक्टर म्हणाला, दंड उघडा ठेवा. वाळू द्या. काहीही लावू नका. काहीही म्हणजे काहीही. ते माझ्याकडं बघून म्हणाला. ह्यावेळी बरोबर बघितलं.

"वाचंल का?"

"लवकर टोचलं तर लस देवीच्या आधी पोचते. उशीर झाला असेल तर सांगता येत नाही. आठवड्यानं ताप येईल. लसीचाही येतो."

"आन त्यो लसीचा का दुसरा, कसं वळखायचं?"

"दोन-चार दिवस वाट बघायची."

मंग मी धोंडाबाईकडं बोट केलं. "तिच्या ठकीचं बी पुसलंय. माज्याच सांगन्यावरनं."

धोंडाबाई कडाडली. "रांडे, सोताचं झाकायला माजं नाव घेतीस? आमच्या ठकीचा फोड उठून वाळला!" सुनेला ओढत घेऊन गेली. ठकी मागं वळून सुलीला हात करत होती.

रविवार, ता. ३

दंडावर बारीक लाल. काही नाही, डास चावल्यागत.

मी दंडाला हात लावत नाही. शेवंता बघते, मी तिच्या तोंडाकडं बघते. आज भाकरी करताना सुली मांडीवर येऊन बसली, दंड चुलीच्या बाजूला. राख समोर. मी हात मागं घेतले, पाठीशी धरून बसले. भाकरी करपली.

गुरुजींना परवा विचारलं होतं, मेंटॅलिटी डोक्यात असते म्हणता ना? ते म्हणाले व्हय. मला नाही तसं वाटत. त्या दिवशी माझं डोकं कुठं होतं? हात आधी गेला लिंबाकडं. डोकं मागनं गेलं, हाताला कारणं देत.

मंगळवार, ता. ५

दंडावर दोन फोड, डाळीएवढे. शेवंता म्हणाली, "उठलं." ओढ्यावरून आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली.

दुपारी धोंडाबाईची सून परसातून आली, दबकत. ठकीला कडेवर घेऊन. "मामी, सासू गवत आणायला गेल्यात. डॉक्टर कुटं भेटंल?" मी कोयता खाली टाकला न तिला घेऊन ओढ्यावर गेले. हाळी मीच घातली. माझा आवाज गवळवाडीत शेवटच्या घरापर्यंत जातो, आज कामाला आला. डॉक्टर आला. ठकीला टोचलं. चार दिवस उशीर, सुलीहून. त्यानं बुकात खोडून परत लिहिलं.

सून जाताना म्हणाली, सासूला सांगू नका.

सांगायला आता राहिलंय काय.

गुरुवार, ता. ७

बाळू गेला.

हिराला माहेरच्यांनी भेटायचं नाही. धोंडाबाई शिवेवर जाऊन बसली, पलीकडून हिरा, मधे ओढा. दोघी दोन काठांवर रडल्या. मी मागं उभी. पुढं जायची हिंमत झाली नाही. ती परत येताना माझ्या अंगावरून गेली न थांबली. म्हणाली, "माजा बाळू त्या वाडीतनं कुनाच्या तरी घरातनं देवी घिऊन आला. तितं बी कुनी तरी पुसलं आसंल. व्हय ना गं?"

मी वाट सोडून बाजूला झाले.

सुली विचारते, दादा कधी यायचा.

शनिवार, ता. ९

ताप. सकाळी डोकं तापलेलं, दुपारी अंग भट्टी. दंडावरचे फोड टपोरे, पांढरे, भोवती लाल कडं, बगलेत गाठ. दंडाकडं बघितलं तर वाटतं लसीचा. बाळूची पाठ आठवली तर वाटतं...

"पाठ दुखती का गं सुले?" दहादा विचारलं. शेवंता म्हणाली, "आई, नका इचारू. तुमी इचारता म्हनून ती हो म्हनंल."

दत्तू आला. शेवंतानं त्याला वही दिली वाचायला. मी दिली नाही, तिनं दिली. त्यानं उभ्यानंच वाचली, शाईचे ठसे पानावर उमटलेत. मंग सदऱ्याची बाही वर केली. त्याच्या दंडावर चार वण आहेत, रुपयाएवढे.

"आई, माज्या येळंला का न्हाई पुसलंस?"

"तुला शाळंत टोचलं. मला ठावं असतं तर पुसलं असतं."

तो हसला का रडला कळलं नाही. बाही खाली करून पोरीच्या उशाशी बसला.

रविवार, ता. १०, होळी

वाडीनं होळी लहान केली. आमच्या घरचं कुणी गेलं नाही. पोळी नाही. ताप उतरला नाही. गुरुजी येऊन गेले, ओट्यावर बसले, आत आले नाहीत, मीच येऊ नका म्हटलं. मी म्हटलं, "गुरुजी, तुमी म्हनला व्हता कुनी सोताला म्हनत न्हाई."

"काय?"

"त्यो शबूद. लिवून घ्या, एकीनं म्हनलं. माजी मेंटॅलिटी."

ते म्हणाले, "कोंडाबाई, आता ते राहू द्या."

राहू कसं देऊ? पण बदलली का ती, हे कसं कळायचं, ते विचारायचं होतं. विचारलं नाही. त्यांचेही डोळे सुलीच्या दाराकडं लागलेले.

सोमवार, ता. ११

ठकी धडधाकट आहे म्हणे. अजून. धोंडाबाईनं दारात लिंबाचा डहाळा आणून ठेवला. आमच्या दारात. म्हणजे तिच्या लेखी आमच्या घरी आई आली.

मी डहाळा उचलला. बांधावा की टाकावा. हातात धरून बसले. मंग म्हशीपुढं टाकला. म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं.

अंगात एक मन म्हणतं, बांध, काय जातं तुझं? पोर वाचेल. दुसरं मन म्हणतं, शेण बांधताना पण हेच म्हणाली होतीस.

मंगळवार, ता. १२

सकाळी ताप थोडा कमी. का माझ्या हाताला कमी लागतोय? शेवंता म्हणते कमी. दत्तू म्हणतो तेवढाच. तो आज कामावर गेला नाही.

तोंड धुताना शेवंताला दिसलं. सुलीच्या कपाळावर, भुवईच्या वर, एक पुरळ. एकच. लाल, तांदळाच्या कणीएवढी. बोटाखाली लागते. काल होती का? कुणालाच आठवेना. पिसू चावली असेल. घामोळं असेल. तळहात बघितले, तळपाय बघितले, जीभ बघितली. काही नाही. परत कपाळ बघितलं.

डॉक्टरला हाळी घातली. पलीकडून कळलं, तो वरच्या घरांत गेलाय, उन्हं कलल्यावर येईल.

शेवंतानं चूल पेटवली. डाळ शिजली. तेलाची बुधली काढली, मोहरीचा डबा काढला, न तशीच बसली. कढई चुलीवर, कोरडी. धूर निघायला लागला तरी हालेना.

"आई."

"काय?"

"फोडनी दिऊ का?"

मला कळलं ती काय विचारते. फोडणी दिली तर घरात आई आलेली नाही. नाही दिली तर आली. सगळी आळी नाकानं ऐकत बसलीय. धोंडाबाई परसात उगाच उभी होती. दत्तूनं वर बघितलं, माझ्याकडं. तिघंही माझ्याकडं. सुली सुद्धा.

पुढं होऊन बुधली उचलावी न फळीवर ठेवून द्यावी म्हणून हात उठला होता. मी बघितला. माझाच हात. मंग तो मांडीखाली घालून बसले.

म्हटलं, "दे."

तेल तापलं. मोहरी तडतडली. लसणाचा वास दाराबाहेर गेला. धोंडाबाईनं पदर नाकाला लावला न आत गेली.

सुली म्हणाली, भूक लागली.

कपाळावर ती एकच आहे अजून. आत्ता बघितली. उन्हं कलायला आलीत. ओढ्याच्या वाटेला कुणी दिसत नाही.